न्यूटनची पुस्तके : एका संग्रहाचा प्रवास

एका पुस्तकाच्या समासाने गणिताच्या इतिहासात साडेतीनशे वर्षे लोकांना झोपू दिले नाही. डायोफँटसच्या ‘अरिथमेटिका’ या ग्रीक ग्रंथाची बाशेने १६२१ साली काढलेली आवृत्ती फर्मा या फ्रेंच कायदेपंडिताकडे होती. एका प्रमेयाची सिद्धता आपल्याला सापडली आहे, पण ती मावण्याइतका हा समास रुंद नाही, असे त्याने त्या प्रतीत लिहून ठेवले. ती सिद्धता जगासमोर यायला १९९५ साल उजाडले आणि ती अँड्र्यू वाइल्सची होती. ज्या प्रतीत फर्माने हे लिहिले ती प्रत मात्र हरवली. त्याचा मुलगा सॅम्युएल याने १६७० साली वडिलांची टिपणे मूळ ग्रंथासोबत छापली, एवढ्याच कारणाने ती आपल्यापर्यंत आली.

फर्माच्या एका पुस्तकाची ही कथा. गणितज्ञाचा सबंध संग्रह त्याच्यामागे उरला तर काय होते? त्याला कोण सांभाळते, कोण विकते आणि तो पाहून त्या माणसाविषयी आपल्याला नेमके किती कळते? हे प्रश्न मला बरीच वर्षे खुणावत आले आहेत. दुसऱ्यांच्या संग्रहांच्या सूच्या वाचणे हा माझा जुना छंद. पुष्कळांना सूची म्हणजे नीरस प्रकार वाटतो, पण चांगली सूची कादंबरीसारखी वाचता येते. अशा सूच्यांपैकी जिने मला सर्वाधिक दिले ती आयझॅक न्यूटनच्या ग्रंथसंग्रहाची. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातील जॉन हॅरिसन यांनी ती सिद्ध केली आणि १९७८ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यात १७६३ नोंदी आहेत. न्यूटनच्या मृत्यूनंतर अडीचशे वर्षांनी ही सूची करावी लागली, यातच त्या पुस्तकांचा प्रवास आला.

मोजदाद

न्यूटन वारला २० मार्च १७२७ रोजी, इंग्लंडात तेव्हा चालू असलेल्या जुन्या पंचांगाप्रमाणे. वय ८४. लग्न केलेले नाही, मूलबाळ नाही आणि मृत्युपत्रही नाही. सावत्र भावंडांची आठ मुले वारस ठरली. टांकसाळीचा मुख्य अधिकारी म्हणून न्यूटनने चांगली माया जमवली होती, त्यामुळे वाटण्यांसाठी घरातील प्रत्येक वस्तूची मोजदाद झाली. त्या मोजदादीत पुस्तके आकारानुसार मोजली आहेत: मोठ्या फोलिओ आकाराची ३६२, क्वार्टो आकाराची ४७७ आणि त्याहून लहान १०५७. एकूण १८९६. त्याखेरीज एक हंड्रेडवेटहून, म्हणजे सुमारे पन्नास किलोंहून अधिक वजनाची चोपडी आणि कच्च्या वह्या. या साऱ्याची किंमत २७० पौंड धरली होती.

पुस्तके नगावर आणि चोपडी वजनावर, हा हिशेब आपल्याकडच्या रद्दीवाल्यालाही परका वाटणार नाही. वारसांना दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. त्यांच्यापैकी कोणी गणिती नव्हते, त्यांना वाटणीचा पैसा हवा होता. संग्रह ३०० पौंडांना विकला गेला.

घेणाऱ्याचे नाव जॉन हगिन्स. लंडनच्या फ्लीट तुरुंगाचा हा मुख्याधिकारी. त्या काळी हे पद विकत घेता येई आणि कैद्यांकडून पैसे उकळून भांडवल वसूल करता येई. कर्जबाजारी लोकांनी भरलेल्या या तुरुंगातील छळाची पुढे संसदेच्या समितीने चौकशी केली आणि १७२९ साली एका कैद्याच्या मृत्यूबद्दल हगिन्सवर खुनाचा खटला चालला. तो त्यातून सुटला. अशा माणसाने न्यूटनची पुस्तके घेतली ती आपल्या मुलासाठी. मुलगा चार्ल्स ऑक्सफर्डजवळच्या चिनर गावी पाद्री होता आणि पाद्र्याच्या घरी भरलेली कपाटे शोभून दिसत. लंडनमधून पुस्तके खेड्यात गेली. चार्ल्सने आपली नाममुद्रा छापून घेतली आणि पुस्तकांच्या आत चिकटवली.

१७५० साली चार्ल्स वारला. त्याच्या जागी चिनरला आलेल्या जेम्स मस्ग्रेव्ह या पाद्र्याने संग्रह ४०० पौंडांना घेतला. त्यानेही आपली नाममुद्रा चिकटवली, कित्येक ठिकाणी हगिन्सच्या नाममुद्रेवरच. तिच्यावर ‘फिलॉसॉफेमुर’ हा लॅटिन शब्द आहे; ‘आपण तत्त्वचिंतन करू या’ असा त्याचा अर्थ. मस्ग्रेव्हने पुस्तकांची यादी केली, कोणते कपाट, कोणता खण हेही लिहिले. पुढे त्या घराण्याकडे ग्लॉस्टरशरमधील बार्न्सली पार्क हे मोठे घर आले आणि पुस्तके तिकडे गेली. तिथे पिढ्या उलटल्या. ही पुस्तके कोणाची होती याची आठवण हळूहळू पुसट होत गेली.

गठ्ठ्यांचा लिलाव

१९२० साली या घराण्याच्या ऑक्सफर्डशरमधील थेम पार्क या दुसऱ्या घरातील सामानाचा लिलाव झाला. त्यात न्यूटनच्या संग्रहातील पुष्कळ पुस्तके होती. लिलावाच्या पत्रकात न्यूटनचा उल्लेख नव्हता. पुस्तके गठ्ठे बांधून विकली गेली आणि सगळी मिळून १७० पौंड आले. जुन्या पुस्तकांच्या जाणकार व्यापाऱ्यांना मागाहून लक्षात आले की या मस्ग्रेव्ह नाममुद्रेखाली भलतेच काही दडले आहे. मग एकेक पुस्तक कितीतरी पटींनी महाग होऊन बाजारात फिरू लागले. काही अमेरिकेत गेली, काही संग्राहकांच्या कपाटांत नाहीशी झाली.

उरलेली पुस्तके बार्न्सली पार्कमध्येच होती. ती पुन्हा उजेडात आणली रिचर्ड द व्हिलामिल या निवृत्त लष्करी अभियंत्याने. विद्यापीठाशी त्याचा संबंध नव्हता. न्यूटनच्या मिळकतीची मूळ मोजदाद सरकारी दप्तरातून त्याने शोधून काढली, पुस्तकांचा माग काढत बार्न्सली पार्कला पोचला आणि तिथे साडेआठशेहून अधिक खंड त्याला सापडले. १९३१ साली त्याने ‘न्यूटन द मॅन’ हे छोटे पुस्तक लिहिले आणि त्याला प्रस्तावना दिली आइन्स्टाइनने. न्यूटनच्या घरातील पडदे, पलंग, गाद्या यांतला किरमिजी रंगाचा सोस जगाला कळला तो या पुस्तकामुळेच.

ऐन दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, पिलग्रिम ट्रस्ट या धर्मादाय संस्थेने हे खंड ५५०० पौंडांना घेतले आणि न्यूटनच्या केंब्रिजमधील ट्रिनिटी कॉलेजला दिले. आज ते तिथल्या रेन लायब्ररीत आहेत. ही इमारत उभी राहत होती तेव्हा न्यूटन ट्रिनिटीतच होता आणि बांधकामासाठी त्याने ४० पौंड वर्गणी दिली होती.

सूचीने काय सांगितले

हॅरिसनच्या हाती दोन जुन्या याद्या होत्या. एक हगिन्सने खरेदी केली त्या वेळची आणि दुसरी मस्ग्रेव्हची. पाद्र्यांनी स्वतःची पुस्तकेही त्याच कपाटांत घातली होती, त्यामुळे मस्ग्रेव्हची यादी एकटी पुरेशी नव्हती. दोन्ही एकमेकींशी ताडून, शिल्लक प्रतींवरील खुणा तपासून, न्यूटनचे कोणते आणि नंतरचे कोणते हे त्याला ठरवावे लागले. पुस्तक हाती नसले तरी ते न्यूटनकडे होते हे यादीवरून सांगता येते. संग्रह तुटला तरी त्याचा आराखडा उरला, तो दोन व्यवहारी याद्यांमुळे.

आता आकडे पाहू. १७६३ नोंदींमध्ये धर्मशास्त्राची पुस्तके ४७७ आहेत, म्हणजे सुमारे सत्तावीस टक्के. किमया आणि रसायन मिळून १६९. गणिताची १२६. भौतिकीची ५२ आणि खगोलशास्त्राची ३३. गणित, भौतिकी आणि खगोल हे तिन्ही विषय एकत्र केले तरी २११, म्हणजे बारा टक्के भरतात. ज्या माणसाच्या नावाने आपण शाळेत गतीचे नियम घोकतो, त्याच्या दर आठ पुस्तकांपैकी एकच त्या प्रांतातले होते.

हे आकडे ऐकून दोन टोकांच्या प्रतिक्रिया येतात. एक, न्यूटन मुळात धर्मचिंतक होता, विज्ञान त्याचा जोडधंदा. दुसरी, ही म्हाताऱ्या माणसाची अडगळ, तिला महत्त्व देऊ नये. मला दोन्ही पटत नाहीत. त्या काळी छापल्या जाणाऱ्या विद्वत्तेच्या पुस्तकांत धर्मशास्त्राचाच वाटा मोठा होता. न्यूटनचा मित्र तत्त्वज्ञ जॉन लॉक याचा संग्रह न्यूटनच्या दुपटीहून मोठा, ३६४१ नोंदींचा होता आणि त्यातही धर्मशास्त्राचाच गट सर्वांत मोठा आहे. गणिताची पुस्तके तेव्हा संख्येनेच कमी निघत. १२६ हा आकडा आपल्याला लहान वाटतो, पण त्या काळच्या एका खाजगी घरात तो लहान नव्हता.

तरीही ४७७ हा आकडा बाजूला सारता येत नाही. न्यूटनचा त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकच ईश्वर या तत्त्वावर विश्वास नव्हता. हे उघड बोलणे धोक्याचे होते आणि तो राहत होता त्या कॉलेजचे नावच ‘त्रैक्य’. तिथल्या फेलोने ठरावीक मुदतीत पाद्रीपदाची दीक्षा घ्यावी असा नियम होता. १६७५ साली राजाच्या खास सवलतीने न्यूटनला त्यातून सूट मिळाली. आपले मत त्याने जन्मभर थोड्या विश्वासातल्या माणसांपलीकडे जाऊ दिले नाही. कपाटात मात्र या वादातील दोन्ही बाजूंचे ग्रंथ शेजारी शेजारी उभे होते. ओठांवर जे येऊ शकत नव्हते ते फळीवर होते.

किमयेच्या पुस्तकांचेही तसेच. न्यूटनच्या खर्चाच्या वहीत १६६९ सालच्या नोंदी आहेत: काचेची भांडी, तेजाब, एक भट्टी ८ शिलिंगांची, दुसरी ७ शिलिंगांची आणि ‘थिएट्रम केमिकम’ हा किमयाग्रंथांचा मोठा लॅटिन संग्रह १ पौंड ८ शिलिंगांना. दोन भट्ट्यांच्या एकत्र किमतीपेक्षा तो ग्रंथ जवळजवळ दुप्पट महाग होता. हौस म्हणून कोणी एवढा खर्च करत नाही. त्याच वर्षी न्यूटन केंब्रिजमध्ये गणिताचा लुकेशियन प्राध्यापक झाला.

कोपरे

पुस्तक जवळ असणे आणि ते वाचलेले असणे यांत अंतर असते, हे आपल्या प्रत्येकाच्या कपाटाला ठाऊक आहे. १७०३ पासून न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता. अशा माणसाकडे लेखक आपली पुस्तके भेट पाठवणारच. मग यांतली खरोखर वाचलेली कोणती?

इथे न्यूटनची एक सवय आपल्या मदतीला येते. तो पानांचे कोपरे दुमडत असे, पण आपण वाचायचे थांबलो तिथे दुमडतो तसे नव्हे. वरचा कोपरा खाली किंवा खालचा वर असा वळवायचा, की त्याचे टोक पानावरच्या नेमक्या शब्दावर किंवा ओळीवर टेकेल. त्यामुळे काही घड्या एवढ्याशा, तर काही अर्ध्या पानापर्यंत पोचलेल्या. ही पुस्तकातल्या पुस्तकात केलेली बोटखूण होती. शाई नको, समास नको. टोक कुठे टेकते ते पाहिले की तीनशे वर्षांपूर्वी न्यूटनला त्या पानावर काय हवे होते ते कळते.

पुढच्या मालकांपैकी कोणीतरी पुष्कळ कोपरे सरळ केले. पुस्तक नीटनेटके दिसावे ही त्यामागची भावना चांगलीच. पण जुन्या चिंधी-कागदावरची घडी सहज मिटत नाही. तिरपी रेघ राहते आणि त्या रेघेवरून कोपरा पुन्हा मनातल्या मनात दुमडून टोक कुठे पडत होते ते काढता येते. हॅरिसनने प्रतींच्या नोंदींमध्ये या खुणा टिपल्या. एखाद्या प्रतीची नव्याने बांधणी झाली असेल आणि कडा कापल्या गेल्या असतील, तर मात्र हा पुरावा कायमचा जातो. पुस्तकाची डागडुजी करतानाच त्याचे बोलणे बंद पाडता येते.

लेखी टिपणे न्यूटनने फार थोड्या पुस्तकांत केली, पण केली तिथे ती बोलकी आहेत. देकार्तच्या ‘भूमिती’च्या लॅटिन प्रतीत समासात ठिकठिकाणी चूक दाखवणारे आणि हे भूमितीत बसत नाही असे बजावणारे तुटक शेरे आहेत. याच देकार्तवर तरुण न्यूटनचे गणित पोसले होते, हे लक्षात घेतले की त्या शेऱ्यांचा कडवटपणा अधिक जाणवतो. त्याच्या स्वतःच्या ‘प्रिन्सिपिया’ची १६८७ ची प्रत तर मधे कोरी पाने घालून बांधून घेतलेली आहे आणि त्या पानांवर पुढच्या आवृत्तीसाठीच्या दुरुस्त्या आहेत. ग्रंथ छापून झाला तरी लेखकाच्या लेखी तो कच्चाच होता.

उसने पुस्तक

न्यूटनचे गणित कोणत्या पुस्तकांतून घडले? या प्रश्नाला संग्रहाची सूची अर्धेच उत्तर देते.

त्याच्या ओळखीच्या द मुआव्र या गणितज्ञाने लिहून ठेवलेली हकिगत अशी. १६६३ साली केंब्रिजजवळच्या स्टरब्रिजच्या जत्रेत न्यूटनने फलज्योतिषाचे एक पुस्तक घेतले. त्यातली एक आकृती कळेना, कारण त्रिकोणमिती येत नव्हती. त्रिकोणमितीचे पुस्तक घेतले, तर त्यातल्या सिद्धता कळेनात. मग युक्लिड उघडला. पुढे देकार्तची ‘भूमिती’ हाती आली. दोन-चार पाने वाचायची, अडले की पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात, मग थोडे पुढे, पुन्हा अडले की पुन्हा पहिल्यापासून. असे करत कोणाच्याही मदतीशिवाय त्याने ते पुस्तक संपवले. गुरूवाचून केवळ पुस्तकांच्या आधाराने शिकणाऱ्या कोणालाही ही पद्धत ओळखीची वाटेल. तिला वेळ फार लागतो, पण तिने शिकलेले विसरत नाही.

न्यूटनने स्वतः नंतर लिहून ठेवले की १६६४ च्या नाताळाच्या थोडे आधी त्याने स्कूटेनचे एक पुस्तक आणि देकार्तची ‘भूमिती’ विकत घेतली, आणि वॉलिसचे ग्रंथ उसने आणले. ‘उसने’ या शब्दापाशी मी दर वेळी थांबतो. कारण त्या हिवाळ्यात त्याला सर्वांत मोठी देणगी दिली ती वॉलिसच्या १६५६ सालच्या ‘अरिथमेटिका इन्फिनिटोरम’ने.

घडले ते थोडक्यात असे. वॉलिसला वर्तुळाचे क्षेत्रफळ हवे होते. १ वजा क्ष-वर्ग या राशीचे शून्य, एक, दोन, तीन असे पूर्ण घात घेतले, तर त्या वक्रांखालचे क्षेत्रफळ त्याला काढता येई. वर्तुळासाठी घात हवा अर्धा, म्हणजे शून्य आणि एक यांच्या मधला. वॉलिस शून्यापासून एकपर्यंतचे संपूर्ण क्षेत्रफळ घेई. त्यामुळे उत्तरात एकच आकडा येई आणि त्याचे घटक दिसत नसत. न्यूटनने क्षेत्रफळ एकपर्यंत न घेता कोणत्याही क्ष पर्यंत घेतले. आता उत्तरात क्ष चे वेगवेगळे घात सुटे दिसू लागले: क्ष, मग क्ष-घन भागिले तीन, मग क्ष चा पाचवा घात भागिले पाच. त्यांचे गुणक मांडले तर १; मग १, १; मग १, २, १; मग १, ३, ३, १. हा तर आपल्याकडे छंदःशास्त्रातून ओळखीचा असलेला मेरुप्रस्तार. (चिन्हे आलटून पालटून अधिक-उणे येतात.) दुसरा गुणक ०, १, २, ३ असा वाढतो, म्हणजे अर्ध्या घाताला तो अर्धा हवा. बाकीचे गुणक कोणत्या नियमाने येतात ते त्याने शोधले आणि अर्ध्या घातासाठी न संपणारी श्रेणी हाती आली: १ वजा एक-द्वितीयांश क्ष-वर्ग, वजा एक-अष्टमांश क्ष चा चौथा घात, आणि असेच पुढे. द्विपद प्रमेयाचा हा जन्म. त्याच्यावरच त्याचे कलनशास्त्र उभे राहिले.

ही टिपणे न्यूटनच्या वहीत आहेत. वॉलिसची ती प्रत बहुधा मालकाकडे परत गेली असेल. सूचीतील गणिताचे १२६ ग्रंथ पाहताना त्यांच्यामागे हे उसने पुस्तक उभे आहे, हे विसरून चालत नाही.

उलट एक कोरी वही संग्रहाच्या इतिहासात मानाने बसायला हवी. न्यूटनचा सावत्र बाप बार्नबस स्मिथ हा पाद्री. त्याने एका जाडजूड वहीत धर्मशास्त्रातले विषय शीर्षके घालून मांडले होते, त्यांखाली उतारे भरायचे होते. बहुतेक पाने कोरीच राहिली आणि १६५३ साली तो वारला. तीन वर्षांच्या न्यूटनला आजीकडे टाकून आई या माणसाच्या घरी गेली होती. त्या मुलाने हा राग पुढे स्वतःच्या पापांच्या यादीत लिहून ठेवला आहे. पण कागद महाग होता. ती वही त्याने केंब्रिजला नेली, तिला ‘वेस्ट बुक’ म्हटले, म्हणजे दुकानदाराची कच्ची रोजकीर्द, आणि कलनशास्त्राचे आणि गतिशास्त्राचे आपले पहिले मोठे काम तिच्यात केले. ती आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

कागद एकीकडे, ग्रंथ दुसरीकडे

वेस्ट बुक आणि तिने ज्या छापील पुस्तकांवर विचार केला ती पुस्तके आज एकाच गावात, पण दोन वेगळ्या ग्रंथालयांत आहेत. ही फारकत १७२७ सालीच पडली. पुस्तके हगिन्सकडे गेली, हस्तलिखिते न्यूटनच्या भाचीच्या नवऱ्याकडे, जॉन कॉन्ड्यूटकडे राहिली. थॉमस पेलेट या वैद्याने ती चाळून कितीतरी बाडांवर छापण्यास योग्य नाही असा शेरा मारला. पुढे ती लग्नसंबंधाने पोर्ट्समथच्या अर्लच्या घराण्यात गेली. १८७२ साली त्या घराण्याने ती केंब्रिजला दिली. विद्यापीठाने गणिताचे आणि विज्ञानाचे कागद ठेवून घेतले आणि धर्म, किमया वगैरेंचे १८८८ साली परत केले. परत केलेल्या कागदांचा १९३६ साली लिलाव झाला आणि ते जगभर पांगले. अर्थशास्त्रज्ञ केन्सने किमयेचे पुष्कळ कागद गोळा करून केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजला दिले म्हणून तेवढे वाचले.

हगिन्सने दाम मोजून पुस्तके घेतली तेव्हा त्याने ती निवडली नाहीत, सगळी घेतली. विद्यापीठाने आपल्या समजुतीप्रमाणे निवड केली आणि न्यूटनचे दोन तुकडे केले. निवड करणारे विद्वान होते आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, त्यांना एक अर्धा माणूस टाकाऊ वाटला. संग्रहाला सर्वांत मोठा धोका अडाणी माणसाकडून असतो असे आपण समजतो. या प्रकरणात तुरुंगाधिकाऱ्याने तो अखंड ठेवला.

माझ्याकडे अधूनमधून विचारणा येते: वडील गेले, घर बदलायचे आहे, दोन कपाटे पुस्तके आहेत, कोणाला देऊ? देण्याजोगे ठिकाण दर वेळी सांगता येत नाही. ग्रंथालयांकडे जागा नाही, फ्लॅटमध्ये तर नाहीच. पण न्यूटनच्या पुस्तकांनी शिकवलेल्या चार गोष्टी मी सांगतो. कपाट हलवण्याआधी प्रत्येक फळीचा फोटो काढा, कोणते पुस्तक कोणाशेजारी होते ते त्यात राहते. एका वहीत साधी यादी करा. नाव, लेखक, साल, आत काही लिहिले आहे का. दुमडलेली पाने सरळ करू नका, आतल्या चिठ्ठ्या, बसची तिकिटे, बिले फेकू नका. वह्या आणि पुस्तके वेगळ्या हातांत जाणार असतील तर कोणती कुठे गेली ते दोन्हीकडे लिहून ठेवा. संग्रह गेला तरी चालेल, यादी राहू द्या. तिच्यावरून एखादा हॅरिसन पुन्हा फळ्या भरू शकतो.

लंडनमधील सेंट मार्टिन्स स्ट्रीटवरचे न्यूटनचे घर १९१३ साली पाडले गेले. त्याच्या दर्शनी खोलीची लाकडी तक्तपोशी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील बॅबसन कॉलेजात नेऊन पुन्हा उभी केलेली आहे. आणि जिथे ते घर होते, जिथे १८९६ पुस्तके मोजली गेली आणि चोपडी वजनावर लावली गेली, त्या जागेवर आज वेस्टमिन्स्टरचे सार्वजनिक संदर्भ ग्रंथालय आहे. तिथे कोणीही आत जाऊन बसू शकतो आणि पुस्तक मागून घेऊ शकतो. पानाचा कोपरा मात्र तिथे दुमडता येणार नाही.